उलट्या पावलांनी सड्यावर

भुतांची पावलं उलटी असतात हे पेडण्यात कोणाला शिकवावं लागत नाही. कोजागरीच्या पुनवेला जिथे रवळनाथाची आणि भूतनाथाची तरंगं, म्हणजे सजवलेले देवखांब, निघतात, तिथल्या पोरांना ही माहिती बाराखडीच्या आधी मिळते. आज तुम्हाला तशीच पावलं टाकायची आहेत. चपला पायात राहू द्या. जांभ्याचा कातळ बोचतो, आणि कालच मृगाचा पाऊस पडून गेल्यामुळे शेवाळावर पाय सटकतो. मोबाइल खिशात ठेवा. मागे मागे चालायचं, एवढंच. पावलागणिक वर्षं कमी होत जातील.

पण निघण्याआधी इथेच जरा थांबा.

जूनची सकाळ आहे. तुम्ही पेडणे तालुक्यात, मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्याच्या कडेला उभे आहात. डोक्यावरून एक विमान उतरतंय, इतकं खालून की पोटावरची अक्षरं वाचता येतील. ५ जानेवारी २०२३ पासून विमानं इथे उतरतात. रस्त्याच्या कडेला खांद्याएवढी हिरवी भिंत आहे. त्यातलं एक पान तोडा. कडा करवतीसारखी, आणि देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा, त्रिशूळ काढल्यासारख्या. चुरगाळून नाकाजवळ न्या. हा उग्र वास तुमच्या ओळखीचा आहे. लहानपणी गुडघा फुटला की कोणीतरी हाच पाला चोळून त्यावर पिळला होता. ही रानमोडी. औषधी म्हणून तिचं घरात कौतुक, आणि नावात मात्र रान मोडणारी.

भिंत हाताने बाजूला करून आत या. रस्त्यासाठी जिथे सडा, म्हणजे जांभ्याचं कातळी पठार, फोडला आणि भरावाला बाहेरची माती आणून ओतली, तिथे रानमोडी सगळ्यात दाट आहे. उघड्या कातळावर तिचं मूळ धरत नाही. माती आपण पुरवली.

दहा पावलांवर अकेशियाची झाडं लागतात. ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणा हवं तर. खाली पाचोळ्याचा जाड थर आहे, तपकिरी चंद्रकोरी एकावर एक. ही खरी पानंही नव्हेत, चपटे झालेले देठ आहेत. कुजायला वेळ घेतात. पायाने थर उकरून पाहा. खाली गवताचं एक पातं नाही. शेळीसुद्धा इथे थांबत नाही.

आणि मग एकदम उघडा कातळ. अंगणाएवढा तुकडा, मध्ये मध्ये मूठ-दोन मूठ माती साठलेल्या खळग्या. त्यातल्या एका खळगीत वीत-दीड वीत उंचीचा दांडा आहे, त्यावर पांढरी, लांबट नळीची फुलं. वाका, पण पाय ठेवताना जपून. ही दिपकाडी. शास्त्रीय नावातच कोकण आहे, डिपकाडी कोंकणेन्स. पश्चिम किनाऱ्यावरच्या जांभ्याच्या सड्यांबाहेर तिला जगात घर नाही, आणि आहे त्या घरातही ती धोक्यातल्या वनस्पतींत मोजली जाते. वर्षाचे आठ-नऊ महिने ती कांद्याच्या रूपाने दगडाखाली झोपलेली असते. पहिल्या पावसाला वर येते, फुलते, बी टाकते आणि परत जाते. उन्हाळ्यात हा सडा पाहणाऱ्याला इथे काहीच दिसत नाही.

त्या ‘काहीच नाही’वर सगळी गोष्ट अडलेली आहे. चला. टाच मागे.

पहिल्या काही पावलांतच विमानांचा आवाज थांबतो. उलट्या पावलांना तालुक्याची हद्द नसते, त्यामुळे तुम्ही आता डिचोलीत आहात. सप्टेंबर २०१२. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेलाय, गोव्यातल्या खाणी बंद झाल्यात. पिळगाव-मये-शिरगावच्या बाजूला लोकांना रात्री झोप लागत नाही म्हणे, कारण ट्रकांचा आवाज येत नाही. तुम्ही एका डंपवर चढता. खनिजाच्या एका टनामागे दोन-तीन टन माती आणि दगड बाजूला काढावा लागतो, आणि तो ज्या टेकड्या करून टाकतात त्यांना इथे डंप म्हणतात. या टेकड्या देवाने केलेल्या नाहीत हे फक्त स्थानिकांना कळतं, कारण बाहेरच्याला त्या हिरव्यागार दिसतात. वरपासून खालपर्यंत अकेशिया.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अकेशियाने ही माती धरून ठेवली. निव्वळ दगडधोंड्याच्या उतारावर, जिथे दुसरं रोप जगलं नसतं, तिथे ते तीन-चार वर्षांत डोक्यावर गेलं. नसतं लावलं तर पावसात हा सगळा लाल गाळ शेतात उतरला असता, आणि काही ठिकाणी तरीही उतरलाच. तेव्हा लावणाऱ्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, न्याय्य नाही. चूक पुढे झाली. डंपावर जे औषध म्हणून चाललं, तेच आपण धडधाकट सड्याला पाजलं.

ते कसं, हे बघायला आणखी मागे जाऊ. हा टप्पा मला अवघड जातो, पण टाळता येत नाही.

१९८० च्या दशकातला एक जुलै. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. पायात प्लास्टिकच्या चपला, अंगावर आईने शिवलेली निळी विजार. सरकारी मराठी प्राथमिक शाळेची पोरं दोघादोघांच्या रांगेने सड्यावर निघाली आहेत. वनमहोत्सव आहे. ‘सामाजिक वनीकरण’ हा शब्द तुम्ही नुकताच ऐकलाय आणि तो निबंधात घालायचं तुमच्या मनात आहे. जीपमधून काळ्या पिशव्यांतली रोपं उतरतात. प्रत्येकाला एक. गुरुजी सांगतात, हा सडा ओसाड पडलाय, आपण त्याला हिरवा करायचाय. तुम्हाला हे वाक्य फार आवडतं.

खड्डे आधीच अर्धेमुर्धे काढलेले आहेत. तुमच्या वाट्याचा उथळ निघतो, म्हणून तुम्ही मोठ्या मुलाकडून पहार मागून घेता. दगड ठणठण वाजतो. खळगीतली ओली माती हाताने उपसताना बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागतं. बाहेर काढता. लहान कांद्यासारखा कांदा, पांढुरका, खाली मुळांची झिपरी, वर दोन-तीन लांब पाती आणि एक मोडलेला दांडा. तुम्ही तो गुरुजींना दाखवता. गुरुजी चांगले आहेत, पोरांना मारत नाहीत, घरी जाताना पेन्सिली वाटतात. ते बघून म्हणतात, तण असेल, टाक.

तुम्ही टाकता. लांब, जोर लावून, जसा आंब्यावर दगड मारावा तसा. मग पिशवी फाडून रोप खड्ड्यात ठेवता, माती लोटता, तळहातांनी थापता आणि पाणी आणायला धावता. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही सांगता की मी आज एक झाड लावलं. झाड जगलं. अजून आहे. आता त्याला गोल गोल पिळलेल्या शेंगा लागतात, कानाच्या आकाराच्या, आणि त्यातून केशरी धाग्याने लोंबकळणाऱ्या काळ्या बिया पक्षी दूरवर नेतात.

त्या कांद्याचं पुढे काय झालं ते तुम्ही मागे वळून पाहिलं नव्हतंत. आताही पाहू नका. पावलं मोजा.

१९७० च्या दशकातला भाद्रपद. वय किती हे विचारू नका, आजीचं बोट धरण्याइतकं. हरतालिकेच्या आदल्या दिवशीची पहाट आहे आणि आजी माटोळीचं सामान आणायला सड्यावर निघाली आहे. जे गोव्याबाहेर वाढले त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं-फुलं-पानं बांधतात. ती माटोळी. विकतच्या मखराला पैसे पडतात. माटोळीला रान ओळखीचं लागतं.

आजीच्या एका हातात कोयती, डोक्यावर हारा. ती चालता चालता सड्याशी बोलते असं तुम्हाला वाटतं, पण ती खरं तर मोजत असते. केवणीची साल आधी, कारण सगळं बांधायला दोर तोच. कातळाच्या कडेला झुडपांवर चढलेली कांगलांची वेल, पिवळ्या फळांचे घोस. शेरवडाची पांढरी पानं, जी दुरून फुलंच वाटतात. माट्टीची पंखवाली फळं. घागऱ्यांच्या शेंगा, हलवल्या की खुळखुळणाऱ्या, त्या तुमच्या हातात. आणि कुंपणाजवळ वागचबको, तुम्ही शाळेत तिला कळलावी म्हणाल, लाल-पिवळ्या ज्वाळांची. तिची दोन फुलं आजी अलगद खुडते आणि वेलीला हलकेच मागे सोडते. खाली कंद असतो, तो विषारी, आणि तो काढला तर पुढच्या वर्षी फूल नाही.

एका ठिकाणी ती थांबते आणि तुम्हाला बखोटीला धरून बाजूला ओढते. तुमचा पाय एका खळगीत पडणार होता. खळगीत लांब पाती आहेत, फुलं कधीच सरलेली, दांड्यावर सुकी बोंडं.

“तो कांदो. ताका हात लावंक ना. पावसाक परत येता.”

नाव तिला ठाऊक नाही. खायच्या उपयोगाचा नाही, माटोळीलाही नाही. तरी ती ओलांडून जाते. तुम्हाला आत्ता, या क्षणी, पहार आणि काळी पिशवी आठवते आहे ना? ते तुमच्यासाठी व्हायचं आहे अजून. उलट्या पावलांच्या प्रवासात हा एक जाच असतो.

आजीला साधीसुधी समजू नका, आणि देवीही करू नका. तिच्या काळात माटोळी घरापुरती होती. आज चतुर्थीच्या आधी म्हापशाच्या, डिचोलीच्या बाजारात तेच सामान जुड्या करून विकायला येतं, सजावटीच्या स्पर्धा होतात, शेकडो प्रकार बांधलेल्या माटोळ्यांची छायाचित्रं पेपरात येतात. अभिमान वाटतो, आणि पोटात गोळाही येतो. स्पर्धेसाठी मुळासकट उपटलेली दुर्मीळ वेल आणि रानमोडीने गिळलेली वेल, सड्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच गेल्या.

पुढचा, म्हणजे मागचा, टप्पा घाईने पार करू. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि त्यानंतर वनस्पतींचे अभ्यासक इथे मोकळेपणाने फिरू लागले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले डॉ. वा. द. वर्तक यांची गोमंतकातल्या वनस्पतींची सूची १९६६ साली छापून आली. देवराया समजून घेणाऱ्या मराठी माणसांत ज्यांचं नाव आधी येतं, तेच हे वर्तक. सड्यावरच्या एका गवताला राव आणि हेमाद्री या अभ्यासकांनी गोव्याचंच नाव दिलं, गोएन्सिस. गवत म्हणजे गवत, असं म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांच्या पायाखाली एक गवत गोव्याचं नाव लावून उगवतं.

वाटेत १९५५ सालचं पुणं लागेल. तिथे नुकतंच एक नवं तण नोंदलं गेलंय, गाजराच्या पानासारख्या पानांचं, पांढऱ्या बारीक फुलांचं. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून ते आलं असा लोकांचा समज, आणि राज्य काँग्रेसचं, म्हणून नाव पडलं काँग्रेस गवत. केरळात त्याआधी रानमोडी पसरली तेव्हा तिथे कम्युनिस्ट पसरत होते, म्हणून तिथे तिचं नाव कम्युनिस्ट पच्चा, कम्युनिस्टांचा पाला. आपल्या देशात तणालासुद्धा पक्षाशिवाय नाव मिळत नाही. दोन्ही तणं अमेरिका खंडातली. तिथे त्यांना खाणारे किडे आहेत, रोग आहेत, म्हणून ती तिथे गुमान राहतात. निघताना त्यांनी शत्रू मागे ठेवले आणि एकटीच आली.

आणि आली म्हणजे काय, आणली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घाणेरी कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावली गेली. त्याच शतकाच्या मध्याला रानमोडीही तिथेच, त्याच हौसेने. साहेबाला फूल आवडलं, एवढंच कारण. घाणेरीची काळी फळं पाखरांनी खाऊन देशभर पेरली. रानमोडीला पाखरंही लागली नाहीत. तिच्या बीला केसांची छत्री असते, ती वाऱ्यावर जाते, आणि आता ट्रकच्या ताडपत्रीवर, गुरांच्या अंगावर, आपल्या विजारींवर.

१८५० पाशी क्षणभर थांबा. निकोल डाल्झेल नावाचा ब्रिटिश अधिकारी कोकणात वनस्पती गोळा करतो आहे. दिपकाडीचं शास्त्रीय वर्णन त्याने केलं आणि नावात कोकण घातलं. तेव्हा पेडण्यावर पोर्तुगिजांचा अंमल बसून साठेक वर्षं झालेली, तेरेखोलच्या पलीकडे सावंतवाडी संस्थान. नदीच्या दोन्ही तीरांवर सडा एकच. दिपकाडीने पासपोर्ट कधी काढला नाही.

आता मोठं पाऊल टाका. शेवटचं.

१५६३. गोव्याच्या बेटावर, पोर्तुगिजांच्या राजधानीत, गार्सिया द ओर्ता नावाच्या वैद्याचं हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलंय. तुम्ही मात्र पलीकडे, विजापूरच्या आदिलशहाच्या मुलखात, डिचोलीच्या वरच्या सड्यावर उभे आहात. भाद्रपदच आहे. आजूबाजूला पाहा आणि काय नाही ते आधी बघा. काजू नाही. ओर्ताच्या पुस्तकातही तो नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, क्रिस्तोव्हाव द कोश्ताच्या पुस्तकात तो भेटतो. अननस, पेरू, पपई, बहुधा काहीच इथवर पोचलेलं नाही. खाली वाडीत शिजणाऱ्या हुमणात मिरी आहे, तिरफळं आहेत, पण मिरची बहुधा अजून नाही. हरमलच्या मिरचीचं नावही अजून कोणी घेतलेलं नाही. काजूची फेणी कशी काढणार?

हे सांगायचं कारण आहे. काजूही परदेशीच, ब्राझीलचा. मिरचीही. तरी त्यांना कोणी घुसखोर म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मूळ कुठलं, हा प्रश्न रानाला पडत नाही. आलेला शेजारी म्हणून राहतो की सगळं घर व्यापतो, एवढंच रान बघतं. (काजूच्या बागांसाठीही पुढे बरेच डोंगर साफ झाले, हे मी विसरलेलो नाही. पण काजूखाली गवत उगवतं आणि मुलं बोंडं वेचतात.)

आता जे आहे ते बघा. सगळा सडा रंगलाय. पाणी साठलेल्या उथळ डबक्यांच्या कडेला गेंदाची पांढरी बटणं, हजारोंनी. मध्ये तेरड्याचा गुलाबी पट्टा. आणि ओल्या कातळावर निळसर-जांभळी धूळ उडवल्यासारखी सीतेची आसवं. गुडघे टेका. एक फूल नखाएवढं. त्याला पानं म्हणावीत अशी पानं नाहीत. मातीखालच्या, पाण्याखालच्या धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे आहेत. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या दारावरच्या केसाला लागला की दार आत उघडतं, पाण्यासह जीव आत ओढला जातो, दार बंद. पापणी लवते तेवढ्या वेळात हे कित्येकदा होऊन जाईल. शेजारी दवबिंदू आहे, त्याच्या पानांच्या केसांवर चिकट थेंब चमकतायत आणि एक चिलट त्यात अडकून पाय झाडतंय.

ही नाजूक फुलं मांसाहारी का झाली? कारण कातळावर नत्र नाही. मूठभर मातीत पोट भरत नाही, म्हणून त्यांनी किडे पकडायला शिकून घेतलं. ज्या जागी दुसरं कोणी जगूच शकत नाही अशा गरिबीत त्यांनी संसार मांडला. ही गरिबी हीच त्यांची मालमत्ता. ती राखली गेली म्हणून धष्टपुष्ट झाडं इथे आली नाहीत आणि यांना ऊन मिळत राहिलं. वरून धनगरांची, गावकऱ्यांची गुरं चरायची, गवत माजू द्यायची नाहीत.

हे डोळ्यांत भरून घ्या आणि आता सरळ चाला. पुढे. भराभर.

वर्षं पळतायत. काजू येतो. चिऱ्यांसाठी खाणी पडतात. गुरं कमी होतात, दूध पिशवीतून येऊ लागतं. काळ्या पिशव्यांतली रोपं येतात. अकेशियाच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यातले जिवाणू हवेतला नत्र मातीत आणतात. शेतीच्या पुस्तकात हा गुण आहे. पण ज्या फुलांचं सगळं जगणं नत्राच्या दुष्काळावर बेतलेलं, त्यांच्या अंगणात हे म्हणजे न मागता घातलेलं खत. वरून न कुजणारा पाचोळा पसरतो, खळगी झाकून टाकतो. उजेड जातो. सावलीच्या कडेने, फोडलेल्या दगडाच्या आणि ओतलेल्या मातीच्या वाटेने रानमोडी शिरते. गुरं तिला तोंड लावत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये तिचे वाळके दांडे वणव्यात धडधडून पेटतात, शेजारची झुडपं, वेली, कांगलांची कोवळी रोपं जळतात, आणि पहिल्या पावसाला सगळ्यात आधी तिच्याच बुंध्याला नवे फुटवे येतात.

एक फुलपाखरू तुमच्या बाजूने उडतंय, ब्लू टायगर. ते रानमोडीच्या फुलांवर आनंदाने बसतं, नरांना तिच्यातलं विशिष्ट द्रव्य हवं असतं. छायाचित्रकारांना हे दृश्य फार आवडतं. निसर्गात कोणीच शंभर टक्के खलनायक नसतो, पण म्हणून हिशेब सोडून द्यायचा नसतो. २०२३ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांचा एक मोठा अहवाल आला, आयपीबीईएस या आंतरराष्ट्रीय मंचाचा. त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक प्रजाती घातक घुसखोर म्हणून मोजल्या, आणि पृथ्वीवरून कायमच्या गेलेल्या ज्या प्राणी-वनस्पतींची नोंद आहे, त्यातल्या ६० टक्क्यांच्या जाण्यात अशा घुसखोरांचा हात होता असं सांगितलं. न्यूझीलंड, हवाई वगैरे बेटांची नावं त्यात पुढे येतात. सडा हेही एक बेटच आहे, भोवती समुद्राऐवजी शेतं आणि वाड्या.

पोचलात. जूनची तीच सकाळ. दुसरं विमान उतरतंय. अंगणाएवढा कातळ, खळगी, वीत-दीड वीत दांडा, पांढरी फुलं. दहा पावलांवर चंद्रकोरी कातळाच्या कडेपर्यंत आल्या आहेत. वाऱ्याने एक कोर घसरत येऊन दिपकाडीच्या पात्याला टेकली आहे. तेवढी उचलून बाजूला टाका.

आता कामाचं. तुमच्या गावात सडा असेल तर तीन-चार गोष्टी करता येतात, त्यातली एकही वीरश्रीची नाही. रानमोडी डिसेंबर-जानेवारीत फुलते आणि मग बी उडतं. म्हणून गणपती विसर्जन झालं की दिवाळीपर्यंत, माती ओली असतानाच ती मुळासकट उपटायची. कोयतीने तोडू नका, एकाच्या चार फांद्या होतात. एका वर्षात संपत नाही, तीन-चार पावसाळे तरी मागे लागावं लागतं. रोपवाटिकेतून फुकट रोपं आली, तर ती कातळावर नकोत, हे स्पष्ट सांगा. शाळेच्या कुंपणाला लावा, आणि त्यातही माट्टी, खैर, किंदळ मागा. माटोळीसाठी वेल आणाल तेव्हा मूळ सोडून आणा.

आणि आणखी एक. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक पंचायतीत एक समिती असते आणि तिने लोकांच्या माहितीवरून गावाची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. ती बघायला मागा. आपल्या सड्याच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा. ‘ओसाड’, ‘पडीक’ असं काही असेल तर बदलून घ्या, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिथे काय काय उगवतं ते आजी-आजोबांना विचारून लिहायला लावा. ग्रामसभा बहुतेक गावांत रविवारी सकाळी असते.